वाऱ्याचा डोळा

शस्त्रक्रियेनंतर चौथ्या दिवशी बाबा पहिला शब्द बोलले. घशात दोन दिवस नळी होती, त्यामुळे आवाज फाटलेला, आणि शब्दही जेमतेम बाहेर आला. "वारं."

मी छताकडे पाहिलं. एसीची जाळी बरोबर त्यांच्या पलंगावर होती. "चालू आहे बाबा, येतंय वारं." त्यांनी मान हलवली. नाही. मग डोळे हळूहळू खिडकीकडे वळवले आणि तिथेच ठेवले.

खिडकी जवळजवळ भिंतभर होती. बाहेर एक मोठं झाड होतं आणि त्या दुपारी सोसाट्याचा वारा सुटला होता. फांद्या हेलकावत होत्या, पानं उलटी होऊन त्यांची फिकट बाजू दिसत होती. आवाज मात्र कणभरही आत येत नव्हता. मी उठून चौकटीवरून बोटं फिरवली. कडी नाही, बिजागरी नाही, काच चारी बाजूंनी पक्की. तेवढ्यात सिस्टर आत आल्या. माझा हात पाहून म्हणाल्या, "ती उघडत नाही, ताई. फिक्स आहे."

बाबा बघत राहिले. त्यांना वारा हवा होता आणि आम्ही त्यांना वाऱ्याचं चित्र देत होतो.

त्या रात्री खुर्चीत झोप लागेना. भाषांतर हे माझं काम आहे आणि मन कुठे अडकलं की शब्दकोशात शिरायची सवय आहे. फोनवर इंग्रजीचा व्युत्पत्तिकोश उघडला आणि आजवर असंख्य वेळा भाषांतरित केलेला, पण कधीही उलगडून न पाहिलेला एक शब्द शोधला. विंडो.

तो मूळचा इंग्रजी नाही. स्कँडिनेव्हियातल्या जुन्या नॉर्स भाषेतून तो आला. तिथलं त्याचं रूप विंडाउगा. 'विंड्र' म्हणजे वारा, 'आउगा' म्हणजे डोळा. विंडो म्हणजे वाऱ्याचा डोळा.

मी फोन मांडीवर पालथा ठेवला. रात्र असल्याने समोरच्या काचेत बाहेरचं काहीच दिसत नव्हतं. खोलीतला मंद दिवा, बाबांचा पलंग आणि मी, एवढंच त्या काचेत परत आलं होतं.

पुढच्या काही रात्री मी या एका शब्दामागे चालत राहिले. माझ्यासाठी तो त्या खोलीतून बाहेर जाण्याचा एकच रस्ता होता.

शब्द इंग्रजीत आला तो जहाजांबरोबर. इ.स. ७९३ मध्ये नॉर्स लोकांनी इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावरचा लिंडिसफार्नचा मठ लुटला. ८६६ मध्ये त्यांनी यॉर्क घेतलं. लुटायला आलेल्यांपैकी बरेच जण मग शेती करून राहिले, लग्नं झाली, शेजार झाला, आणि दोन भाषा एकमेकींच्या घरात ये-जा करू लागल्या. एग, नाइफ, स्काय, हजबंड हे शब्द त्या शेजारातून आलेत. 'ते' आणि 'त्यांचं' या अर्थाची 'दे' आणि 'देअर' ही सर्वनामंसुद्धा. सर्वनामं उसनी घेणं भाषांमध्ये दुर्मीळ असतं. राजाच्या हुकमाने ती बदलत नाहीत, चुलीपाशी बसल्याशिवाय हे घडत नाही. विंडो याच घरगुती वाटेने आला, आणि तेराव्या शतकाच्या सुरुवातीच्या इंग्रजी लिखाणात दिसू लागला.

त्याआधी इंग्रजांना खिडकी ठाऊक नव्हती असं थोडंच? जुन्या इंग्रजीत तिला 'एआगथ्युरेल' म्हणत. डोळ्यासाठी पाडलेलं छिद्र. दुसरा एक शब्द 'एआगदुरु', डोळ्याचं दार. त्याहून जुनी साक्ष इंग्रजीच्या नात्यातल्या, आता लुप्त झालेल्या गॉथिक भाषेची आहे. चौथ्या शतकात वुल्फिला नावाच्या बिशपने बायबल गॉथिकमध्ये नेलं. त्यात संत पॉल टोपलीत बसून दमास्कसच्या तटाच्या खिडकीतून निसटतो त्या ठिकाणी खिडकीसाठी जो शब्द आहे, तोही डोळ्याचं दार असाच.

म्हणजे डोळा सगळ्यांकडे होता. नॉर्स शब्दाने त्यात वारा आणला.

जुना 'थ्युरेल' खिडकीतून हद्दपार झाला, पण भाषेतून गेला नाही, हे मला फार आवडलं. 'थ्युरेल' म्हणजे आरपार छिद्र. नाकाला असलेलं छिद्र ते 'नॉस्ट्रिल', नाकपुडी. आणि त्याच मुळातून आरपार भोसकणं या अर्थाचं क्रियापद आलं, त्यातले ध्वनी पुढेमागे सरकले आणि त्याचं 'थ्रिल' झालं. थरार म्हणजे आरपार जाणारं काहीतरी. डोळ्याचं छिद्र नाहीसं झालं, श्वासाचं राहिलं. बाबांच्या नाकपुडीला ऑक्सिजनची नळी होती. तिच्यातून येणारा बारीक फुसफुसाट ऐकत मी हे वाचत होते.

पण वारा का? डोळा कळतो, खिडकीतून बघायचं असतं. वाऱ्याचं उत्तर नॉर्स घरात आहे. लाकूड आणि मातीच्या ढेकळांची लांबट घरं, जमिनीच्या मधोमध पेटती आग, धूर छतातल्या भोकातून बाहेर. काच नाही. भिंतीत भोक पाडलं की त्यातून सगळ्यात आधी आत शिरणार तो वारा. बाहेर काय दिसतं हे कळायच्या आधी अंगावर थंडी येणार. ज्याने हा शब्द घडवला त्याची पाठ त्या भोकाकडे असावी असं मला वाटतं. त्याने खिडकी आधी मानेवर अनुभवली, डोळ्याने नंतर.

मग एका रात्री शब्दांची कुळं जुळवत असताना एक गोष्ट समोर आली आणि मी खुर्चीत सरळ होऊन बसले. इंग्रजीतला 'विंड' आणि संस्कृतातला 'वात' एकाच मुळाचे आहेत, वाहणं सांगणाऱ्या फार प्राचीन धातूचे. वायू त्याच घरातला. नॉर्स 'आउगा', इंग्रजी 'आय' आणि संस्कृत 'अक्षि' हेसुद्धा एकाच मुळाचे. म्हणजे विंडोचे दोन्ही अवयव आपल्या ओळखीचे, दूरच्या भावंडांसारखे. ते जोडून संस्कृतात शब्द करायचा तर 'वाताक्ष' होईल. संस्कृतने मात्र या दोन गोष्टी दोन शब्दांत ठेवल्या. वातायन, वाऱ्याचा मार्ग. गवाक्ष, गाईचा किंवा बैलाचा डोळा. एका शब्दात वारा, दुसऱ्यात डोळा. नॉर्समध्ये दोन्ही एकाच चौकटीत बसले.

आणि तो बैलाचा डोळा एकटा नाही. फ्रेंचमध्ये लहान गोल किंवा लंबगोल खिडकीला 'अय द बफ' म्हणतात, शब्दशः बैलाचा डोळा. व्हर्सायच्या राजवाड्यात एका दालनाचं नावच तिथल्या अशा खिडकीवरून पडलं आहे. इंग्रजीतही 'बुल्स आय' हा शब्द गोल झरोक्याला आणि जहाजाच्या जाड काचेला वापरला जातो. गोल, ओलसर, शांत, न मिटणारा डोळा भिंतीत पाहायला माणसाला कुणी शिकवावं लागलेलं दिसत नाही. रोममध्ये पँथिऑनच्या घुमटाला माथ्यावर जवळजवळ नऊ मीटर रुंदीचं गोल उघडं भोक आहे, त्याचं नाव 'ऑक्युलस'. डोळाच. त्याला आजही काच नाही, त्यातून ऊन येतं आणि पाऊसही येतो.

स्पॅनिश लोकांना पुन्हा वारा आठवला. त्यांची खिडकी 'व्हेंताना', लॅटिन 'व्हेंतुस' म्हणजे वारा यावरून. पोर्तुगीजांची 'जनेला' म्हणजे मुळात छोटं दार. आपण मराठीत काचेच्या फळीला तावदान म्हणतो, त्याच्या मागे फारसी 'ताब' आहे, चकाकी, उजेड. वारा, डोळा, दार, उजेड. भिंतीतल्या एकाच भोकाकडे माणसं किती वेगवेगळ्या अपेक्षेने पाहत आली! आयरिश भाषेतला 'फुइन्योग' मात्र याच विंडाउगाचं रूप आहे. नॉर्स माणसं आयर्लंडमध्येही घर करून राहिली आणि तिथेही आपला वाऱ्याचा डोळा मागे ठेवून गेली.

इंग्रजीत विंडोला एक प्रतिस्पर्धी होता. लॅटिन 'फेनेस्ट्रा' फ्रेंचमार्गे येऊन 'फेनेस्टर' झाला. जर्मनमध्ये त्याच शब्दाने राज्य केलं, आजही तिथे खिडकी म्हणजे 'फेन्स्टर'. इंग्रजीत दोन्ही शब्द तीनेकशे वर्षं शेजारी शेजारी नांदले आणि सोळाव्या शतकात फेनेस्टर गळून गेला. त्याचं एक विचित्र अपत्य उरलं, 'डिफेनेस्ट्रेशन', माणसाला खिडकीतून फेकणं. २३ मे १६१८ रोजी प्रागच्या किल्ल्यात संतप्त सरदारांनी सम्राटाचे दोन प्रतिनिधी आणि त्यांचा एक सचिव खिडकीतून खाली टाकला. वीसेक मीटरवरून पडूनही तिघं वाचले, पण त्यातून पेटलेलं युद्ध तीस वर्षं चाललं. दरबारी शब्दाच्या वाट्याला दरबारी हिंसा आली. घरगुती शब्द घरातच राहिला.

आता काचेचं. इथे माझा जीव खरा गुंतला, कारण आमच्या खोलीत अडचण काचेचीच होती.

रोमन लोक पहिल्या शतकापासून खिडकीला काच लावत. इंग्लंडमध्ये सातव्या शतकात बेनेडिक्ट बिस्कॉप नावाच्या मठाधिपतीने वेअर नदीच्या मुखाशी मठ बांधला, तेव्हा काच बसवणारे कारागीर त्याला गॉलमधून, म्हणजे आजच्या फ्रान्समधून, आणावे लागले. बीड या इतिहासकाराने तशी नोंद केली आहे. सामान्य घराला पुढची आठ-नऊशे वर्षं काच परवडली नाही. भोकाला लाकडी झडप असे, किंवा तेल लावलेलं कापड, चामड्याचा पातळ पापुद्रा, जनावराच्या शिंगाचे तासून केलेले अर्धपारदर्शक तुकडे. यातलं काहीही लावा, निवड करावीच लागे. झडप उघडली तर उजेड आणि वारा दोन्ही, लावली तर दोन्ही बंद. तेलकट कापडातून उजेड झिरपे, पण दिसे काहीच नाही.

काचेने ही जुनी जोडी फोडली. डोळा आत घेतला आणि वाऱ्याला बाहेर उभं केलं. थंड प्रदेशातल्या माणसाला ही केवढी मोठी सुटका वाटली असेल! हिवाळ्यात, बर्फ पडत असताना, आत बसून दिवसाच्या उजेडात वाचता येणं. मी काचेची निंदा करू शकत नाही. तिच्याशिवाय ग्रंथालयं नसती, प्रयोगशाळा नसत्या, शस्त्रक्रियेची खोलीही नसती.

खिडकीवर राजाचीही नजर गेली. १६९६ मध्ये तिसऱ्या विल्यमच्या कारकिर्दीत इंग्लंडमध्ये खिडक्या मोजून कर बसवला. माणसाची मिळकत विचारणं लोकांना आगाऊपणाचं वाटे, खिडक्या तर रस्त्यावरून मोजता येत. लोकांनी खिडक्या विटांनी बुजवल्या. जुन्या घरांवर त्या बुजवलेल्या चौकटी आजही दिसतात, मिटलेल्या पापण्यांसारख्या. दिवसाढवळ्या दरोडा या अर्थाचा 'डेलाइट रॉबरी' हा वाक्प्रचार याच करातून निघाला, अशी गोष्ट सांगतात. मला ती पटत नाही. वाक्प्रचार छापील इंग्रजीत कर बसवल्यानंतर फार उशिराने दिसतो. पण गोष्ट इतकी टिकली यातच तिचा जीव आहे. उजेडावर पैसे घेणं लोकांना चोरीच वाटली. बंद खोल्यांत आजार पसरतात हे डॉक्टर ओरडून सांगू लागले आणि दीडशेहून अधिक वर्षांनी, १८५१ मध्ये, कर गेला. त्याच वर्षी लंडनच्या हाइड पार्कात सुमारे तीन लाख काचांचा क्रिस्टल पॅलेस उभा राहिला. भिंतीत खिडकी असते ही समजूत तिथे पहिल्यांदा एवढ्या भव्यपणे मोडली. भिंतच खिडकी झाली. १९५९ मध्ये पिल्किंग्टन कंपनीने वितळलेल्या कथिलावर काच तरंगवून सपाट करण्याची पद्धत जाहीर केली आणि मग वाटेल तेवढी मोठी, निर्दोष काच मिळू लागली. आमच्या खोलीतली काच तिची वंशज.

भिंत खिडकी झाली की ती उघडायची कशी?

शब्दाच्या वापरातही हा बदल दिसतो. इंग्रजीत विंडो हळूहळू पाहण्याकडे सरकत गेला. दुकानाच्या मोठ्या काचा आल्यावर 'विंडो शॉपिंग' आलं, घेण्याविना बघणं. 'विंडो ड्रेसिंग' म्हणजे काचेमागची मांडामांड, पुढे हिशेबाच्या वह्या सजवणं. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश विमानदलाने शत्रूचं रडार फसवायला धातूच्या पातळ पट्ट्यांचा पाऊस पाडला. जुलै १९४३ मध्ये हॅम्बुर्गवर ती युक्ती पहिल्यांदा वापरली, तिचं सांकेतिक नाव 'विंडो'. डोळा म्हणून जन्मलेला शब्द दुसऱ्याचे डोळे झाकण्याच्या कामी आला, खाली एक शहर जळत असताना. हे वाचून मी त्या रात्री पुढे वाचलं नाही.

मग तो काळावर चढला. मंगळाकडे यान सोडायला साधारण दर सव्वीस महिन्यांनी अनुकूल वेळ येते, पृथ्वी आणि मंगळ योग्य जागी असतात, तिला 'लाँच विंडो' म्हणतात. हा वापर मला मनापासून आवडतो, कारण त्यात उघडणं आणि बंद होणं परत आलं आहे. आणि शेवटी पडदा. १९७० च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या झेरॉक्सच्या संशोधन केंद्रात संगणकाच्या पडद्यावर एकावर एक ठेवता येणाऱ्या चौकटी तयार झाल्या. नोव्हेंबर १९८५ मध्ये मायक्रोसॉफ्टने आपल्या प्रणालीला तेच नाव दिलं. आज जगात हा शब्द सर्वाधिक वेळा बहुधा याच अर्थाने उच्चारला जात असेल. या चौकटीला वारा ठाऊकच नाही.

मराठीनेही विंडो घेतला, पण कोणता घेतला ते पाहा. विंडो सीट, विंडो शॉपिंग, संगणकावरची विंडो. सगळ्या काचेच्या. घरात आपण अजून खिडकीच उघडतो. "जरा विंडो उघड, गुदमरतंय," असं मी तरी कुणाला म्हणताना ऐकलेलं नाही. जीव घाबरा झाला की तोंडातून खिडकी येते. भाषेने आपल्या आपण केलेली ही वाटणी इतकी नेमकी आहे की शब्दकोशाने वेगळी नोंद करावी.

सातव्या दिवशी बाबा थोडे उठून बसू लागले. मी डॉक्टरांना खिडकीबद्दल विचारलं. त्यांनी शांतपणे समजावलं: धूळ, बुरशी, बाहेरचे जंतू, एवढी उंची, आणि गाळलेल्या हवेचा दाब बिघडू नये म्हणून. सगळं खरं होतं. वाद घालण्यासारखं त्यात काही नव्हतं. मी फक्त बाबांच्या डोळ्यांकडे बोट केलं. ते झाडच बघत होते.

त्या झाडाच्या बाजूने बोलणारा पुरावाही आहे. १९८४ मध्ये रॉजर उल्रिक यांनी 'सायन्स' या नियतकालिकात एक छोटा अभ्यास मांडला. पेनसिल्व्हेनियातल्या एका रुग्णालयात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या ४६ रुग्णांच्या नोंदी त्यांनी जोड्या लावून तपासल्या. अर्ध्यांच्या खिडकीतून झाडं दिसत, अर्ध्यांच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडं दिसणारे सरासरी पाऊण दिवस आधी घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामकंही कमी लागली. डोळ्याला मिळालेली पानं जखमेपर्यंत पोचत होती. आमच्या खोलीत डोळ्याची बाजू होती, आणि तिच्याबद्दल मी कृतज्ञ आहे.

पण फ्लॉरेन्स नाइटिंगेलने शुश्रूषेवर १८६० च्या सुमारास लिहिलं तेव्हा सगळ्यात पहिला नियम हवेचा घातला: रुग्ण घेतो ती हवा बाहेरच्या हवेइतकी स्वच्छ हवी, आणि त्याला गारठा लागता कामा नये. खिडक्या उघडण्यासाठी असतात, दारं लावण्यासाठी, असं ती ठणकावते. आणि तीच बाई पुढे लिहिते की रुग्णाला अंथरुणातून न उठता, कुशीही न बदलता, खिडकीबाहेरचं आभाळ दिसलं पाहिजे. वारा आणि डोळा, दोन्ही. नॉर्स व्युत्पत्ती तिला माहीत होती की नाही हे इथे गौण आहे. आजाऱ्याच्या उशाशी रात्री जागलेल्या माणसाला ती आपोआप कळते.

मी बाबांना त्या रात्री हे सगळं सांगितलं. ते नीट ऐकतायत की गुंगीत आहेत ते कळत नव्हतं. "बाबा, विंडो म्हणजे मुळात काय माहितीये? वाऱ्याचा डोळा." ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग खरखरत्या आवाजात म्हणाले, "आंधळा आहे हा."

मी काचेकडे पाहिलं. इतकी स्वच्छ, इतकी पारदर्शक, रोज सकाळी पुसली जाणारी. वाऱ्याच्या बाजूने पाहिलं तर खरोखर आंधळी.

अकराव्या दिवशी आम्ही घरी आलो. त्यांचा पलंग आधीच खिडकीशी सरकवून ठेवला होता. दारं जुनी आहेत, पावसाने फुगलेली, खालची कडी निघायला जोर लावावा लागतो. मी कडी काढली आणि तळव्याने दोन्ही दारं बाहेर ढकलली. पडदा आत आला, त्यांच्या हातावरून गेला आणि मागे सरला. कुठेतरी कुत्रं भुंकत होतं. ओल्या मातीचा वास होता.

"उशी उंच करू का बाबा? बाहेरचं दिसेल."

त्यांनी मान हलवली. नाही. आणि डोळे मिटून घेतले.